स्वर्ग, ख्रिस्ती : गोव्यातील आशा आणि आचार

ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृत्यूनंतर परमेश्वराच्या प्रत्यक्ष सहवासात मिळणारे, कधीही न संपणारे जीवन म्हणजे स्वर्ग. जगाच्या अंती मृतांचे पुनरुत्थान झाल्यावर हे जीवन देहासह पूर्णत्वाला जाते. गोव्यातील कॅथलिक कोकणीत त्याला ‘सर्ग’ म्हणतात आणि त्या जीवनाला ‘सासणाचें जिवीत’. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे २५ टक्के आहेत आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक, म्हणून या नोंदीत भर त्याच परंपरेवर आहे. मराठी वाचणारा गोमंतकीय ख्रिस्ती शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत सिमितेरीपर्यंत (दफनभूमीपर्यंत) जातो, मूठभर मातीही टाकतो. तिथे पाद्री मृतासाठी नेमके काय मागतो, हे मात्र तो सहसा विचारत नाही.

पुराणांतला स्वर्ग डोळ्यांपुढे ठेवून पाहिले तर पहिल्याच पावलाला चकायला होते. तो स्वर्ग पुण्याच्या शिलकीवर चालतो. पुण्य सरले की जीव पुन्हा मर्त्यलोकात येतो, असे गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्टच म्हटले आहे. ख्रिस्ती स्वर्गातून परत येणे नाही. जन्म एक, मृत्यू एक आणि त्यानंतरचा निवाडा कायमचा. शिवाय तो कमावता येत नाही. सत्कृत्ये लागतात, पण मूळ देणगी देवाच्या कृपेची. या दृष्टीने तो पुराणांतल्या स्वर्गापेक्षा वैकुंठाला जवळचा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने), जो १५७९ साली गोव्यात आला, हे ओळखले होते. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओवीतून देवाला ‘स्वर्गपृथ्वीच्या रचणारा’ अशी हाक येते आणि मुक्तांच्या निवासासाठी वैकुंठही येते. गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या नवख्रिस्तींना दुसऱ्या कुठल्या भाषेत हे सांगता आले असते, असे वाटत नाही.

बायबलमधील चित्रे. स्वर्ग कसा असेल याचे सलग वर्णन बायबलमध्ये कुठेही नाही. तुकड्यातुकड्यांनी चित्रे येतात : पित्याचे घर आणि त्यातल्या पुष्कळ खोल्या, लग्नाची मेजवानी, राज्याचा द्राक्षारस, प्रकाश, शांती. क्रुसावर शेजारी लटकलेल्या चोराला येशू सांगतो की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. तिथे कसे असेल याबद्दल एक शब्दही नाही, आश्वासन आहे ते ‘माझ्याबरोबर’ या शब्दात. संत पौल तर सरळ म्हणतो, जे डोळ्यांनी पाहिले नाही आणि कानांनी ऐकले नाही ते देवाने सिद्ध केले आहे. फिलिप्पै हे रोमन वसाहतीचे शहर. तिथल्या लोकांना रोमन नागरिकत्वाचा अभिमान होता, म्हणून त्यांना तो लिहितो, ‘आपले नागरिकत्व तर स्वर्गात आहे.’ पोर्तुगीज पासपोर्टाची चर्चा घरोघर चालणाऱ्या गोव्यात हे वाक्य प्रवचनकाराच्या आयतेच हाती लागावे.

सर्वांत तपशीलवार चित्र शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या पुस्तकात सापडते. नवे यरुशलेम आकाशातून खाली उतरते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, बारा हजार स्तादिया म्हणजे दोन हजार किलोमीटरांहून अधिक. बारा वेशी, प्रत्येक वेस एकेका मोत्याची, रस्ता सोन्याचा. नगरात मंदिर नाही, कारण देवच तिथे आहे. सूर्यचंद्रांची गरज नाही. देव प्रत्येकाच्या डोळ्यांतले अश्रू पुसतो, मृत्यू राहत नाही. हा आराखडा म्हणून कोणी वाचू नये. बारा ही इस्राएलच्या वंशांची आणि प्रेषितांची संख्या आहे आणि आकडे त्या अर्थाने वाढवलेले आहेत. लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच : नगर वर जात नाही, खाली येते. शेवट आकाशात पळून जाण्यात होत नसून नव्या आकाशाखालच्या नव्या पृथ्वीवर होतो.

हे वर्णन ज्या अध्यायात येते त्याच्या पहिल्या ओळीत ‘समुद्रही राहिला नाही’ असे आहे. बेतूल किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हा स्वर्ग कसा रुचावा? पण हिब्रू कल्पनेत समुद्र म्हणजे मासळी आणि मिठागरे नव्हेत. ती सृष्टीपूर्वीची अंदाधुंदी आहे, श्वापदे वर येण्याची जागा आहे. हे पुस्तक लिहिणाऱ्या, पाट्मस बेटावर हद्दपार झालेल्या योहानाला तर समुद्र हीच तुरुंगाची भिंत होती. नाहीसा होतो तो हा धोका. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात खवळलेले पाणी ज्यांनी पाहिले आहे आणि ज्यांच्या घरातली माणसे होडीतून परतलेली नाहीत, त्यांना हे समजायला भाष्यकार लागत नाही.

सिद्धान्त. चर्चने चित्रांना मर्यादित महत्त्व दिले आणि गाभा एका कल्पनेत पकडला : देवाचे साक्षात् दर्शन. आत्मा देवाला कोणत्याही मध्यस्थ वस्तूशिवाय, समोरासमोर पाहतो आणि या पाहण्यातच त्याचे सुख असते. हे दर्शन केव्हा सुरू होते यावर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला. आव्हिन्यों येथील पोप जॉन बाविसावे यांनी १३३१ पासूनच्या प्रवचनांत मांडले की शेवटच्या निवाड्यापर्यंत संतांनाही पूर्ण दर्शन मिळत नाही. धर्मपंडितांनी त्यांना जोरदार विरोध केला आणि १३३४ साली मृत्युशय्येवर त्यांनी आपले मत मागे घेतले. त्यांच्यानंतरच्या बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ साली अधिकृत निर्णय दिला : पूर्ण शुद्ध झालेले आत्मे मृत्यूनंतर लगेच देवाला पाहतात. दफनानंतर चर्चमध्ये मृताच्या नावाने प्रार्थना होते तेव्हा हा सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा निर्णय तिच्यामागे उभा असतो.

दुसरे अंग देहाचे आहे आणि सामान्य भाविकांकडून तेच जास्त दुर्लक्षिले जाते. आत्मा वर गेला, संपले, असे बहुतेकांना वाटते. श्रद्धासूत्रात मात्र ‘देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन’ असे दोन्ही येते. देहाविना आत्मा म्हणजे अर्धा माणूस, अशी ख्रिस्ती मानवकल्पना आहे. पेरलेले बी आणि उगवलेले रोप यांचे नाते सांगून पौल नव्या देहाचा अंदाज देतो. मरियेबाबत चर्च मानते की तिला हे आधीच मिळाले : ती देहासह स्वर्गात नेली गेली. पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी हा सिद्धान्त घोषित केला. तिच्या या स्वर्गारोहणाचा सण १५ ऑगस्टला असतो, त्यामुळे गोव्यात त्या दिवशी चर्चच्या आवारात झेंडावंदन आणि मीस (चर्चमधला उपासनाविधी) शेजारी येतात. दहनाला चर्चने १९६३ पासून परवानगी दिली आहे. अस्थी विखरून टाकू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, असे २०१६ च्या सूचनापत्रात सांगितले आहे. गोव्यात अजूनही दफनच रूढ आहे. सिमितेरीत जागा अपुरी असल्याने काही वर्षांनी थडगे उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात.

लग्न, नाती, शेजारधर्म यांचे तिथे काय होते, हा प्रश्न येशूलाही विचारला गेला होता. पुनरुत्थानात लग्ने नसतात, एवढे उत्तर मार्कच्या शुभवर्तमानात आहे. यावरून नवराबायको एकमेकांना ओळखणार नाहीत असा अर्थ काढणे चूक ठरेल. चर्चची शिकवण स्वर्गाला देवाबरोबरचे आणि संतांबरोबरचे सामुदायिक जीवन मानते.

अल्मांसाठी (आत्म्यांसाठी) प्रार्थना. देवाशी नाते टिकवून मेलेला पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा आधी शुद्धिस्थानातून जातो. गोव्यात ‘पुर्गातोर’ म्हणतात ते हेच. १४३९ ची फ्लोरेन्स परिषद आणि १५६३ ची ट्रेंट परिषद यांनी ही शिकवण पक्की केली आणि जिवंतांच्या प्रार्थनेने या आत्म्यांना मदत होते असे सांगितले. गोव्यातला सारा आचार या एका वाक्यावर उभा आहे. स्वर्ग कसा आहे यावर गोमंतकीय ख्रिस्ती फारसे बोलणार नाही. आपला माणूस तिथे पोचला की नाही आणि पोचायला आपण काय करावे, याची त्याला जास्त काळजी. हा व्यवहारी दृष्टिकोन मला उथळ वाटत नाही. ज्याबद्दल काही सांगता येत नाही त्याचे वर्णन करण्यापेक्षा माणसाचे नाव घेऊन मीस सांगणे जास्त प्रामाणिक आहे.

गावात कोणी वारले की चर्चची घंटा वेगळ्या लयीत वाजते. कॉन्फ्रारियाचे सभासद ओपा-मुर्स, म्हणजे पांढरा झगा आणि त्यावर रंगीत खांदेवस्त्र, घालून मिरवणुकीत चालतात. कॉन्फ्रारिया म्हणजे धार्मिक मंडळ. त्यांतल्या अनेकांचे एक प्रमुख काम सभासदांच्या अंत्ययात्रेला जाणे आणि त्यांच्या आत्म्यांसाठी मिस्से सांगून घेणे हेच आहे. सातव्या दिवशी मीस, महिन्याने मीस, मग वर्षश्राद्धासारखे वार्षिक मीस, आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रासह जाहिरात. ‘सासणाचो विसव’ हे शब्द त्यात हमखास. सोमवार हा परंपरेने आत्म्यांचा वार.

२ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. क्लूनी मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस तो सुरू केला आणि तो सर्वत्र पसरला. पाऊस थांबलेला असतो. सिमितेरीतले गवत कापतात, थडगी धुतात, चुना लावतात, फुले आणि मेणबत्त्या मांडतात, पाद्री थडग्यांवर आशीर्वादाचे पाणी शिंपडतो. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास त्यांच्यासाठी पूर्ण पापदंडमाफी मिळते, असा चर्चचा नियम आहे. शेजारच्या हिंदू घरात नुकताच म्हाळ होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्यांना हा दिवस समजतो. मात्र म्हाळात पितरांना तृप्त करायचे असते, इथे देवाकडे त्यांच्यासाठी रदबदली करायची असते.

जुन्या प्रार्थनापुस्तकांत अशा माफीपुढे ‘३०० दिवस’ अशी आकडेवारी आढळते. ते शुद्धिस्थानातले दिवस नव्हते, प्राचीन काळच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांची ती तुलना होती. तरी लोक हिशेब घालत असणारच. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी ही मोजणी बंद केली. २००७ च्या परिपत्रकात बेनेडिक्ट सोळावे यांनी शुद्ध करणारी आग म्हणजे स्वतः ख्रिस्ताशी होणारी गाठ, असा अर्थ पुढे ठेवला. त्याच लेखनात त्यांनी एक अवघड शंका मोकळेपणाने मांडली आहे : अंतहीन जगणे हे कंटाळवाणे ओझे होणार नाही का? त्यांच्या मते अनंतकाळ म्हणजे कॅलेंडरची न संपणारी पाने नव्हेत. आधी आणि नंतर जिथे उरत नाही असा तो एकच भरलेला क्षण आहे. जॉन पॉल दुसरे यांनी जुलै १९९९ मध्ये स्वर्ग ढगांतली जागा नसून त्रैक्याशी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याशी) जिवंत नाते आहे असे सांगितले होते, तेही याच दिशेने.

संत. कोणाला संत जाहीर करणे म्हणजे ती व्यक्ती निश्चितपणे स्वर्गात आहे असे चर्चने सांगणे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले आणि श्रीलंकेत १७११ साली वारलेले जुझे वाझ यांना पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद दिले. पिळार येथे समाधी असलेले आग्नेल डिसोझा (१८६९–१९२७) अजून ‘पूज्य’ या टप्प्यावर आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत चर्च तसे ठामपणे म्हणत नाही. भाविक तेवढे थांबत नाहीत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेत फ्रान्सिस झेवियर यांचे शव आहे. ते १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. ‘गोंयचो सायब’ म्हणून त्यांच्याकडे नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात, आणि म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला (मरियेला) तर शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. स्वर्गातली माणसे अजून आपली चौकशी करतात, ही श्रद्धा दोन्ही अंगणांतून चालते.

कोणाला प्रवेश. झेवियर यांनी १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात जपानमधल्या नवख्रिस्तींचे दुःख नोंदले आहे. आपले बाप्तिस्मा न झालेले पूर्वज नरकात आहेत आणि त्यांना सोडवता येणार नाही, हे ऐकून ते रडत. गोव्यात हा प्रश्न परका नव्हता. सोळाव्या शतकात धर्मांतर झाले तेव्हा गावकर एकच होते, पूर्वज एकच होते. एका भावाची शाखा ख्रिस्ती झाली, दुसऱ्याची देव घेऊन नदीपलीकडे अंत्रुजात (फोंडा भागात) गेली. जे आजोबा-पणजोबा आधीच गेले होते त्यांचे काय? त्या काळच्या उपदेशात दया कमी आणि धाक जास्त होता, १५६० पासून तर इन्क्विझिशनही होते. लोकांनी आपला मार्ग काढला. लग्नाआधी ख्रिस्ती घरांत ‘भिकाऱ्यांचें जेवण’ घालतात : मृत पूर्वजांच्या नावाने गरिबांना बोलावून त्यांच्यापुढे पान वाढायचे. त्यात कुठल्या पिढीपर्यंतचे पूर्वज मोजायचे, हे कोणी ठरवून दिलेले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही पण जे सद्सद्विवेकाने चालतात, त्यांनाही तारण मिळू शकते. बाप्तिस्म्याआधी वारलेल्या बाळांसाठी धर्मपंडितांनी मानलेले ‘लिंबो’ हे वेगळे स्थान चर्चचा सिद्धान्त कधीच नव्हते. २००७ साली चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला आधार असल्याचे म्हटले.

गोव्यात अलीकडे वाढलेले ‘बिलिवर’ गट आणि इतर प्रॉटेस्टंट शुद्धिस्थान मानत नाहीत. त्यांच्या मते विश्वासणारा थेट प्रभूकडे जातो, मृतांसाठी प्रार्थनेचा उपयोग नाही आणि संतांची मध्यस्थीही नको. त्यामुळे एकाच घरातला एक भाऊ वडिलांच्या महिन्याच्या मिसाला पैसे ठेवतो आणि दुसरा त्या दिवशी चर्चच्या पायरीपाशीच थांबतो, असे प्रसंग येतात.