पऱ्हाटीच्या सावलीतले वाचन: पार्श्वभूमी

विदर्भातील खेड्यांत चारचौघांत मोठ्याने वाचण्याची सवय पोथीने लावली. चातुर्मासात एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि ऐकणाऱ्यांनी मध्येच शंका काढावी, ही रीत जुनीच आहे. फसलेली पुस्तके एकत्र वाचून त्यांवर बोलण्याचा अलीकडचा छंद तिच्याच आधाराने उभा राहिला, फक्त येथे शंका भक्तिभावाने काढली जात नाही.

ही पुस्तके गावात आली ती वाचनालयांच्या वाटेने. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानाची घडी बसली आणि अ, ब, क, ड हे वर्ग ठरले. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाऊ लागली. मार्चअखेर खरेदी उरकायची म्हणून भरघोस सूट देणाऱ्याचे गठ्ठे न चाळताच दाखल करून घेण्याचे प्रकार घडले. पुढे संगणकावरील अक्षरजुळणी स्वस्त झाल्यावर पदरमोड करून पुस्तक काढणारे वाढले व भेटप्रतींची भर पडली. 2012 मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हापासून तर निर्लेखनाचे, म्हणजे पुस्तक रीतसर बाद करण्याचे, नाव काढायलाही कार्यकारिणी कचरते. संख्या घटली तर वर्ग जाण्याची भीती. वाचण्याजोगी नसलेली पुस्तके अशा रीतीने कपाटात कायमची राहिली आणि माझ्या परिचयाच्या एका वाचनालयात उन्हाळ्यातील रात्रीच्या बैठका त्याच कपाटापाशी सुरू झाल्या.

पहिला घोळ शब्दाने घातला. फलकावर ‘वाईट पुस्तकांचे वाचन’ असे लिहिले गेले आणि दुसऱ्याच दिवशी दोन वडीलधाऱ्यांनी ते पुसायला लावले, कारण त्यांच्या पिढीत वाईट पुस्तक म्हणजे पोरे बिघडवणारे, उशीखाली दडवायचे पुस्तक. ‘टुकार’ हा शब्द लेखकाचा अपमान करणारा ठरला. ‘रद्दी’ म्हणावे, तर पुस्तके विकायला काढली असे वाटे. अखेर ‘फसलेली’ हा शब्द राहिला आणि तो मला योग्यच वाटतो, कारण त्यात प्रयत्नाची कबुली आहे. ज्या कादंबरीत नायक-नायिका भर दुपारी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, सावलीत बसून आणाभाका घेतात, तिच्या लेखकाने कमरेएवढी पऱ्हाटी कधी पाहिलेली नसावी. पण तीन पाने त्याने मनापासून लिहिली आहेत. कापूस वेचून पाठ मोडलेल्या बायाबापड्यांना ती सावली ऐकताना आलेले हसू चांगल्या कादंबरीने आणले नसते.

खरा वाद झाला तो पंचक्रोशीतील लेखकांवरून. एका भेटप्रतीत गाव वसल्याच्या तीन वेगवेगळ्या कथा होत्या, तिन्ही ठाम. ते पुस्तक बैठकीत घ्यावे, असे तरुणांचे म्हणणे होते. लेखक रोज पारावर भेटतात, त्यांना तोंड कसे दाखवायचे, असे इतरांचे. ओळखीच्या हयात लेखकाचे पुस्तक घ्यायचे नाही, असा निर्णय झाला. त्यामागील सौजन्य समजते. तरीही तो चुकला, असे माझे मत आहे, कारण पोथीला विचारता येणारी शंका शेजाऱ्यालाही विचारता आली असती आणि कदाचित तिघांपैकी एक कथा तरी पक्की झाली असती. नियम आजही कायम आहे. देवघेव नोंदवहीत मात्र ते पुस्तक त्यानंतर वरचेवर दिसू लागले, आणि घरी नेणाऱ्यांत त्या निर्णयाच्या बाजूने हात वर करणारेही आहेत.