डोळा बाहेरच्या बाजूला जातो: तपासणी आणि शस्त्रक्रिया

मूल उन्हात एक डोळा मिटतं. दमलं किंवा तापलं की एक डोळा कानाकडे सरकतो आणि हाक मारली की जागेवर येतो. बाहेरच्या तिरळेपणाची सुरुवात बहुधा अशी अधूनमधूनच होते. दवाखान्यात मूल सावध असतं, डोळा सरळ दिसू शकतो. म्हणून घरी संध्याकाळी काढलेले फोटो, व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन या. 'तिरळा डोळा लकी' म्हणून वाट पाहत बसू नका.

तपासणीला अर्धा दिवस मोकळा ठेवा. डोळे आलटूनपालटून झाकत, प्रिझमची (प्रकाश वळवणाऱ्या काचांची) पट्टी समोर धरून तिरळेपणा मोजतात. एकदा 6 मीटरवर, एकदा 33 सेंटिमीटरवर. लांबचं माप जवळच्यापेक्षा बरंच जास्त आलं तर एक डोळा तासभर पट्टीने बंद ठेवून पुन्हा मोजतो. पट्टी काढल्यावर दोन्ही डोळे क्षणभरही एकत्र उघडे राहता कामा नयेत, नाहीतर ते पुन्हा जुळवून घेतात आणि खरं माप लपतं. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर आणि डोळ्याच्या आतला पडदा पाहतो. हे टाळत नाही, कारण मोतीबिंदूने किंवा पडद्यावरच्या गाठीने नजर गेलेला डोळाही बाहेर सरकतो. फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर अपॉइंटमेंटसाठी थांबू नका.

काहींना चष्मा किंवा रोज ठरावीक तास पट्टी पुरते. डोळा जागेपणी निम्म्याहून जास्त वेळ बाहेर राहू लागला किंवा दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जाणण्याची क्षमता घटू लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार करतो.

शस्त्रक्रियेत डोळा खोबणीतून बाहेर काढत नाहीत, ही भीती सोडा. बाहेरचा स्नायू सोडवून विरघळणाऱ्या टाक्यांनी मागे शिवतात. माप 20 प्रिझम डायॉप्टर (तिरळेपणा मोजण्याचं एकक) असेल तर दोन्ही डोळ्यांत साधारण 5 मिलिमीटर, 30 ला 7, 40 ला 8. एका डोळ्याची नजर कमी असेल तर काम त्याच डोळ्यावर: 30 साठी बाहेरचा स्नायू 7 मिलिमीटर मागे, आतला 6 ने आखूड. माप चुकलं तर मिलिमीटरही चुकतात, म्हणून मोजणी किमान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी.

मुलांना पूर्ण भूल लागते. जेवण, वरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं दूध 4, साधं पाणी 2. स्नायू ओढताना हृदयाचे ठोके मंदावू शकतात. भूलतज्ज्ञ तयार असतात आणि ओढ सैल केली की ठोके बहुधा पूर्ववत होतात.

पहिले काही दिवस डोळा किंचित नाकाकडे दिसेल, एकाचे दोन दिसतील. डोळा पुन्हा बाहेर सरकण्याकडे झुकतो, म्हणून थोडं जास्त मुद्दामच केलेलं असतं. लाली दोन-तीन आठवडे राहते. डोळा चोळणं, डोक्यावरून पाणी घेणं, पोहणं बंद. काही वर्षांनी तिरळेपणा परत येणं दुर्मीळ नाही, दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. पण वेदना वाढत असतील, पापणी सुजली, पू आला किंवा डोळा एका बाजूला वळेनासा झाला तर त्याच दिवशी या. स्नायू टाक्यातून सुटला असेल तर तो जितक्या लवकर शोधावा तितका सहज सापडतो.