लेनची रेघ आणि दोन गाड्यांमधली फट

पुण्यात संध्याकाळी कुठल्याही मोठ्या चौकात सिग्नल लागला की मोटारी थांबतात आणि दुचाक्या मात्र सरकतच राहतात. पाय जमिनीला घासत, हँडल किंचित तिरकं करून, शेजारच्या मोटारीचा आरसा चुकवत एकेक जण पुढे येतो. मीही त्यातलाच. चाळीस सेकंदांत सगळ्यात पुढे दुचाक्यांचा जथा तयार होतो आणि पुढची चाकं झेब्रावर येऊन थांबतात. आपण याला ‘फटीतून काढणं’ म्हणतो, इंग्रजीत ‘फिल्टरिंग’.

ही फट येते कुठून? शहरातली लेन साधारण साडेतीन मीटरची धरतात. पावणेदोन मीटरची मोटार तिच्या मधोमध उभी राहिली, की शेजारच्या लेनमधल्या मोटारीपर्यंत पावणेदोन मीटर जागा उरते आणि त्या जागेच्या बरोबर मध्यावर रेघ असते. स्कूटर हँडलसकट पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे दुचाकीला वाट मिळते ती नेमकी रेघेवर. मुळात ही रेघ आखली तेव्हा दुचाकी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या वेन काउंटीचे रस्ते आयुक्त एडवर्ड हाइन्स यांनी 1911 मध्ये रिव्हर रोडवर मधली पांढरी रेघ मारून घेतली. गळक्या दूधगाडीमागे उमटलेली रेघ पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. हेतू एवढाच, की समोरासमोरच्या गाड्या धडकू नयेत.

फिल्टरिंगचा विचार सर्वांत तपशिलात झाला तो ब्रिटनमध्ये. तिथला ‘हायवे कोड’ 1931 मध्ये एका पेनीला विकायला आला. आज त्याचा 88 वा नियम मोटारसायकलस्वाराला फिल्टरिंग करू नको असं म्हणत नाही. सावध राहा, वेग कमी ठेव, एवढंच सांगतो. मोटारवाल्यांनाही वळण्यापूर्वी मधून येणारी दुचाकी पाहायला वेगळं बजावलेलं आहे. खरी बंधनं घालतात त्या रस्त्यावरच्या खुणा. मध्यावर दुहेरी पांढरी रेघ असेल आणि तुमच्या बाजूची रेघ अखंड असेल, तर तिच्या आत राहूनच पुढे जायचं. ओलांडायला बंद पडलेलं वाहन, अगदी सावकाश चाललेली सायकल किंवा घोडा असे मोजकेच अपवाद. झेब्राजवळच्या नागमोडी रेघांत तर सर्वांत पुढच्या गाडीला मागे टाकायचंच नाही, कारण तिच्याआडून माणूस रस्ता ओलांडत असतो. हा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

तिथल्या न्यायालयांची नजर मात्र बदलत गेली. 1966 च्या एका अपिलात थांबलेल्या रांगेच्या उजवीकडून निघालेल्या मोटारसायकलस्वाराला बाजूच्या रस्त्यावरून बाहेर येणारी मोटार धडकली. दोष ऐंशी टक्के स्वाराचा ठरला. 2006 मध्ये रांगेतून अचानक यू-टर्न घेणाऱ्या मोटारचालकावर पूर्ण जबाबदारी टाकली गेली आणि स्वार निर्दोष सुटला. इतर देशांनी थेट कायदाच केला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये जुलै 2014 पासून ताशी 30 किलोमीटरपर्यंत परवानगी आहे, पण पक्का परवाना हवा आणि शाळेच्या पट्ट्यात तिच्या वेळेत मनाई. कॅलिफोर्नियाने 2017 पासून गाड्यांच्या रांगांमधून दुचाकी काढण्याची व्याख्या कायद्यात घातली.

आपल्याकडच्या रस्तेशास्त्राची पाळंमुळं बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीत आहेत. तेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. 1927 मध्ये नेमलेल्या त्या समितीच्या शिफारशींतून 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली आणि तिनेच पुढे रस्त्यावरच्या रेघांची संहिता (आयआरसी 35) केली. दरम्यान सायकलींचं पुणं लूना आणि चेतकवर बसलं होतं. 1989 च्या केंद्रीय रस्ता नियमावलीने सांगितलं: आखलेल्या लेनमध्येच चालवा, इशारा देऊन लेन बदला, ओव्हरटेक करताना पिवळी रेघ ओलांडू नका आणि थांबण्याचा सिग्नल असताना वाहनाचा कुठलाही भाग स्टॉप लाइनच्या पुढे येऊ देऊ नका. ही स्टॉप लाइन किमान 50 मिलिमीटर रुंद असावी, इतका बारीक तपशील त्यात होता, पण दोन गाड्यांच्या मधून निघणाऱ्या दुचाकीसाठी वेगाची किंवा जागेची वेगळी अट नव्हती. 2017 मध्ये या नियमावलीची जागा नव्या विनियमांनी घेतली.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जण गेले. त्यांतले सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. ते सगळे फटीत गेले असं मुळीच नाही. पण ज्या देशात निम्म्याच्या जवळपास मृत्यू दुचाकीवर होतात, तिथे रेघ आखताना दुचाकीचं माप आधी घ्यायला हवं होतं. आता रेघा थर्मोप्लास्टिकच्या असतात, रात्री चमकाव्यात म्हणून त्यात काचेचे बारीक मणी घातलेले असतात. पावसाच्या पहिल्या सरीत हा गुळगुळीत थर डांबरापेक्षा जास्त निसरडा होतो. फटीतून जाणाऱ्याची दोन्ही चाकं त्या वेळी त्याच थरावर असतात.