पायथन ३.१३

पायथन ३.१३ ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ७ ऑक्टोबर २०२४ ला आलेली आवृत्ती. हल्ली दर ऑक्टोबरात नवीन आवृत्ती येतेच, म्हणजे आपल्याकडे पाऊस आटपून भातकापणी सुरू होते त्या सुमाराला.

सगळ्यात जास्त गाजावाजा झाला तो जीआयएलचा, म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉकचा. या लॉकमुळे एका प्रोग्रॅममधे कितीही थ्रेड (समांतर चालणारी कामं) असले तरी पायथनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो, दाभोळ-धोपावे फेरीला दोन्ही काठांवर गाड्यांची रांग असावी आणि बोट मात्र एकच, तसं. ३.१३ मधे हा लॉक काढलेलं पायथनचं वेगळं बिल्ड (तयार केलेली प्रत) मिळतं, पण ते प्रायोगिक आहे आणि नेहमीच्या पायथनमधे लॉक अजून तसाच आहे. जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड मशीनच्या भाषेत बदलणारा) पण आलाय, तोही प्रायोगिक आणि मुळात बंदच ठेवलेला.

माझ्या मते खरी कमाई वेगळीच आहे. देवरुख नाहीतर कुडाळच्या कॉलेजात पहिल्यांदा पायथन शिकणाऱ्या पोरांना विचारायला शेजारी कोणी सीनियर डेव्हलपर नसतो आणि पावसात नेट गेलं की सर्च पण करता येत नाही, अशा वेळी एरर मेसेज हाच मास्तर. ३.१३ मधे एरर रंगीत दिसतात, फंक्शनला आर्ग्युमेंटचं (आत पाठवायच्या माहितीचं) नाव चुकीचं दिलं तर "तुम्हाला हे म्हणायचंय का" असं विचारून बरोबर नाव सुचवतात, आणि आपल्या फाइलला रँडम असं नाव देऊन आत पायथनचं रँडम मॉड्यूल (तयार कोडची फाइल) इंपोर्ट करणाऱ्या नवशिक्याला (ही चूक फार कॉमन आहे) फाइलचं नाव बदला असं सरळ सांगतात. शेल (कोड टाइप करून लगेच चालवून बघायची जागा) पण नवीन आहे: अप अ‍ॅरो दाबला की अख्खं फंक्शन परत येतं आणि एडिट करता येतं, एफ१ ला मदत, एफ२ ला हिस्टरी, एफ३ ला पेस्ट मोड, आणि बाहेर पडायला नुसतं एक्झिट टाइप केलं तरी चालतं, कंस लागत नाही. बारीक वाटतं, पण शिकणाऱ्याचा तास वाचतो.

काढून टाकलेलं पण बरंच आहे. सीजीआय (वेबवरचे फॉर्म हाताळणारं), टेलनेटलिब, क्रिप्ट असे १९ जुने मॉड्यूल गेले. समजा तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेचा बुकिंग फॉर्म सीजीआय मॉड्यूलवर चालतोय, तर सर्व्हरवर ३.१३ टाकल्या टाकल्या तो बंद पडणार, म्हणून आधी कोड तपासा. हे मॉड्यूल जाणार अशी वॉर्निंग ३.११ पासून येत होती.

लॅबमधल्या जुन्या मशीनचं काय, तर ३.१३ ला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज ७ वर ३.८ च्या पुढे जाता येत नाही, आणि ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मधेच संपला. ३.१३ ला दोन वर्षं बगफिक्स आणि नंतर ऑक्टोबर २०२९ पर्यंत फक्त सिक्युरिटी फिक्स मिळणार आहेत.