क्रोमियम-३ आणि क्रोमियम-६: अहवालात एक, शरीरात दोन

पाण्याच्या तपासणी अहवालात ‘एकूण क्रोमियम’ अशी एक ओळ असते. पुढे आकडा आणि त्यापुढे मर्यादा. या एका ओळीत दोन वेगळी रूपं एकत्र मोजलेली असतात: क्रोमियम-३ म्हणजे त्रिसंयुजी, आणि क्रोमियम-६ म्हणजे षट्संयुजी, ज्याला कारखान्यांत हेक्झाव्हॅलंट म्हणतात. मूलद्रव्य तेच, फक्त एका रूपात अणूने तीन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, तर दुसऱ्यात सहा. शरीराला मात्र हा फरक इतका जाणवतो की दोघांचा उल्लेख नुसता ‘क्रोमियम’ असा करणं मला धोक्याचं वाटतं.

माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंग क्रोमियम-३ मुळे येतो. खडकांत आणि मातीत आढळतं ते बहुतांशी हेच. कातडी कमावताना वापरतात ते बेसिक क्रोमियम सल्फेटही याच रूपातलं. साधारण उदासीन पाण्यात त्याचा हायड्रॉक्साइड बनतो आणि तो गाळात बसतो. क्रोमियम-६ काही खडकांच्या सान्निध्यात आपोआपही तयार होतं, पण त्याचा मोठा वाटा माणसाचाच: इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमिक ॲसिड, पिवळी क्रोमेट रंगद्रव्यं, गंजरोधक प्रायमर, स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचा धूर. हे रूप पाण्यात सहज विरघळतं आणि ऋणभारित असल्याने मातीचे कण त्याला फारसं धरून ठेवत नाहीत. म्हणून ते भूजलातून दूरवर जातं. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावात हेच घडलं. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने १९५२ ते १९६६ या काळात शीतकरण मनोऱ्यांचं क्रोमियम-६ असलेलं पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं आणि ते विहिरींपर्यंत झिरपलं. १९९६ मध्ये कंपनीने रहिवाशांशी ३३.३ कोटी डॉलरची तडजोड केली.

आता पेशीकडे वळू, कारण खरा फरक तिथे उघड होतो. क्रोमियम-६ पाण्यात क्रोमेट आयनाच्या (विद्युतभारित कणाच्या) रूपात असतं, आणि त्याची ठेवण सल्फेट आयनासारखी असते. सल्फेट पेशीला लागतो, त्यामुळे त्याच्यासाठी पेशीच्या आवरणात दारं असतात आणि क्रोमेट त्याच दारांतून आत शिरतो. क्रोमियम-३ ला ही वाट मिळत नाही. ते बहुतेक बाहेरच राहतं. आत शिरलेल्या क्रोमियम-६ चं क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात. सहावरून पाच, चार आणि शेवटी तीन. म्हणजे अखेरीस आत क्रोमियम-३ च तयार होतं, आणि पेशीबाहेर जवळजवळ निरुपद्रवी असलेलं हे रूप आत मात्र डीएनएला चिकटतं. मधल्या पायऱ्यांवर निर्माण होणारे अस्थिर रेणूही घाव घालतात. ‘शरीर त्याचं क्रोमियम-३ करून टाकतं, मग काळजी कसली’ हा युक्तिवाद म्हणूनच अर्धाच खरा आहे. हा बदल जठरातल्या रसात झाला तर तो संरक्षण देतो. पेशीत झाला तर तीच इजा असते.

जठराच्या या संरक्षणामुळेच श्वासातून जाणारं क्रोमियम-६ अधिक घातक ठरतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये क्रोमियम-६ ची संयुगं माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली. त्यामागे मुख्यतः कामगारांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा पुरावा होता. क्रोमियम-३ तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करता न येण्याजोग्यांत, राहिलं. प्लेटिंग कामगारांच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडणं आणि त्वचेवर खोल जखमा होणं तर त्याआधीपासूनच माहीत होतं. पिण्याच्या पाण्यातून धोका कमी, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. मग २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचे निष्कर्ष आले: सोडियम डायक्रोमेट या क्रोमियम-६ च्या संयुगाचं जास्त प्रमाण असलेलं पाणी दिलेल्या मोठ्या उंदरांना तोंडात आणि लहान उंदरांना लहान आतड्यात गाठी झाल्या.

क्रोमियम-३ च्या पूरक गोळ्या विकल्या जातात, पण शरीराला त्याची गरज असते याचा ठोस पुरावा नाही, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये म्हटलं.

हवेच्या बाबतीत कायदा हा फरक स्पष्ट मानतो. अमेरिकेत कामाच्या जागी घनमीटरमागे क्रोमियम-३ ची मर्यादा ५०० मायक्रोग्रॅम आहे, तर क्रोमियम-६ ची २००६ पासून फक्त ५. भारतात नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, क्रोमियम-६ मात्र ०.१ पर्यंतच. पिण्याच्या पाण्यात मात्र बहुतेक ठिकाणी एकूण आकडाच पाहतात. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय मानक, दोन्हींचा आकडा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, अमेरिकेचा १००. युरोपीय संघाला २०३६ पर्यंत तो २५ वर आणायचा आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून निव्वळ क्रोमियम-६ साठी १० ची वेगळी मर्यादा लागू केली.

एकूण मोजण्यामागे एक चांगलं कारण आहे: ही रूपं एकमेकांत बदलतात. सेंद्रिय द्रव्य किंवा फेरस लोह क्रोमियम-६ चं तीन करतं. मातीतली मँगनीज ऑक्साइडं उलट करतात, आणि नळाच्या पाण्यात घातलेलं क्लोरीनही करू शकतं. कमावलेल्या कातड्याचा कचरा किंवा क्रोमियमयुक्त गाळ जाळला तर राखेत क्रोमियम-६ सापडू शकतं. म्हणून ‘आमच्या गाळात फक्त क्रोमियम-३ आहे’ एवढ्यावर कोणालाही सोडू नये; तो गाळ पुढे कुठे जातो हे विचारलंच पाहिजे. एकूण मर्यादेचंही तसंच. त्यातलं सगळंच क्रोमियम-६ निघालं तरी चालेल इतकी ती कमी असेल, तरच तिचा आधार घेता येतो. अमेरिकेचा १०० हा आकडा मला तसा वाटत नाही.

क्रोमियम-६ वेगळं मोजणं अवघड नाही. डायफिनिलकार्बझाइड हे रसायन घातलं की ते जांभळट गुलाबी रंग देतं आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवता येतं. जपायचा असतो तो नमुना. एकूण धातूंसाठी घेतलेल्या पाण्यात टिकण्यासाठी नायट्रिक ॲसिड घालतात, पण आम्लात क्रोमियम-६ चं क्षपण होऊन क्रोमियम-३ बनू शकतं. त्या बाटलीतून क्रोमियम-६ मोजलं तर आकडा खोटा कमी येण्याची शक्यता असते. त्यासाठी वेगळी, आम्ल न घातलेली, थंड ठेवलेली बाटली लागते. अहवालात क्रोमियम-६ ‘आढळले नाही’ असं लिहिलं असेल, तर नमुना कोणत्या बाटलीतून घेतला होता हे प्रयोगशाळेला विचारा.