चुकेपर्यंत विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्रीय चाचणी देऊन बाहेर आलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सुरुवातीला बरं गेलं, पण शेवटी शेवटी मला काही येईचना." ऐकून वाईट वाटतं. कारण ते 'न येणं' चाचणीच्या रचनेतच असतं, आणि हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आकड्यांचंच घ्या. समोर बसलेले मानसशास्त्रज्ञ सेकंदाला एक अशा संथ लयीत म्हणतात, चार, नऊ, दोन, सात. तुम्ही ते उलट्या क्रमाने सांगायचे: सात, दोन, नऊ, चार. जमलं. मग पाच आकडे, मग सहा. कुठेतरी साखळी तुटतेच. ठरलेल्या चुका झाल्या की तो भाग थांबवतात. म्हणजे शाळकरी मुलगा असो की गणिताचा प्राध्यापक, दोघंही बहुधा चुकूनच थांबतात. काठी तळाला टेकल्याशिवाय पाणी किती खोल आहे ते कळत नाही, तसं हे. यात 'शाबास' किंवा 'चुकलं' असं कुणी म्हणत नाही, चेहराही निर्विकार असतो. तो कोरडेपणा नव्हे. हेच प्रश्न ज्या शेकडो लोकांना आधी विचारले, त्यांना ते याच शब्दांत आणि याच पद्धतीने विचारले होते. तुमच्याच वेळी शब्द बदलले तर तुलना करायची कशाशी?

पण हे सगळं नंतरचं. सुरुवात होते ती गप्पांसारख्या वाटणाऱ्या मुलाखतीने, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच. त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, लहानपण कसं गेलं, घरात कुणाला असा त्रास होता का, कोणती औषधं चालू आहेत. औषधांचा प्रश्न उगाच नसतो. काही गोळ्यांनी गुंगी येते, थायरॉइडचं काम मंदावलं तर नैराश्यासारखी मरगळ येते, म्हणून कधी कधी आधी रक्त तपासायला सांगतात. मूल असेल तर आईवडील आणि शिक्षकांशीही बोलतात. या बोलण्यातून एक नेमका प्रश्न पक्का होतो: लक्ष लागत नाही ते अवधानाच्या दोषामुळे, चिंतेमुळे, की अपुऱ्या झोपेमुळे? कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते त्यावर ठरतं. त्यामुळे कुणाचं काम दोन तासांत आटोपतं, कुणाला दोन-तीन वेळा यावं लागतं.

मला स्वतःला ठोकळ्यांची चाचणी फार बोलकी वाटते. लाल-पांढरे ठोकळे, काही बाजू पूर्ण रंगाच्या, काही तिरप्या रेषेने अर्ध्या-अर्ध्या. चित्र बघून तशीच नक्षी जुळवायची, शेजारी स्टॉपवॉच चालू. एकजण भराभर ठोकळे फिरवत बसतो, चुकतो, पुन्हा मोडतो. दुसरा बराच वेळ नुसता बघतो आणि मग एका दमात जुळवतो. दोघांचे गुण सारखे येऊ शकतात. पण जाणकार तपासनीस गुणांशेजारी ही पद्धतही टिपून ठेवतो.

स्वभाव आणि मनःस्थितीसाठी प्रश्नावल्या असतात. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली, 1943 साली प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली फार वापरली जाते. तिच्या 1989 च्या आवृत्तीत 567 विधानं आहेत, प्रत्येकापुढे 'खरं' किंवा 'खोटं' लिहायचं. इथे चांगलं दिसायचा मोह होतो. पण 'मला कधी कधी राग येतो' अशा, जवळपास कुणालाही लागू पडणाऱ्या धाटणीची विधानंही त्यात पेरलेली असतात. अशा सगळ्यांना 'खोटं' म्हणत गेलात, तर तुम्ही स्वतःला सजवून दाखवताय हे वेगळ्या गुणांमध्ये उमटतं आणि बाकीच्या उत्तरांवर विसंबणं अवघड होतं. नुकसान तुमचंच, कारण खरा त्रास झाकलेला राहतो.

बुद्ध्यांकाच्या आकड्याचा मात्र लोक फार धसका घेतात. सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण 68 टक्के माणसं 85 ते 115 च्या दरम्यान येतात, तीही त्यांच्याच वयाच्या लोकांशी तुलना करून. नीट लिहिलेल्या रिपोर्टमध्ये नुसतं '98' नसतं, '94 ते 102' असा पट्टा असतो, कारण कुठल्याही मोजमापात थोडी चूक राहतेच. ज्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये सहकारी सिमाँ यांच्यासोबत बुद्धिमत्तेची पहिली अशी चाचणी तयार केली, त्यांना शाळेत जास्त मदत लागणारी मुलं शोधायची होती. मुलांवर शिक्का मारायचा नव्हता.

तयारी म्हणाल तर पुरेशी झोप, पोटभर खाणं, चष्मा किंवा श्रवणयंत्र सोबत. इंटरनेटवर सराव करून जाऊ नका, त्याने गुण फुगतात आणि उत्तर चुकीचं मिळतं. रिपोर्ट कोण वाचणार, गोपनीयता कुठे संपते, हे आधीच विचारा. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने चाचणी मागवली असेल, तर नियम वेगळे असतात.

आणि रिपोर्ट हातात आल्यावर समजावून सांगायची वेगळी भेट मागा. न कळलेला प्रत्येक शब्द तिथे विचारा. मग तो कागद जपून ठेवा. पुढे कधी डोक्याला मार लागला किंवा स्मरणशक्तीची शंका आली, तर डॉक्टरांना तुमची तुलना तुमच्याशीच करता येते, आणि त्यासाठी या कागदासारखं दुसरं काही नसतं.