कानाला दडा: मळाचा की नसेचा?

डोक्यावरून अंघोळ केली आणि एका कानाला दडा बसला. किंवा सकाळी उठल्यावर एका कानाने नीट ऐकूच येईना. तक्रार दोन्हीकडे एकच, कान बंद झालाय. पहिल्यात बहुधा मळ फुगलेला असतो. दुसऱ्यात आतल्या कानाने किंवा श्रवणाच्या नसेने दगा दिलेला असू शकतो. मळ थेंब घालून चार दिवस मऊ होऊ दिला तरी चालतं. नसेच्या बाबतीत तेच चार दिवस महागात पडतात.

मळ कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात तयार होतो आणि तिथली त्वचा सरकत राहते तसा आपोआप बाहेर येतो. इअरबडने आपणच तो आत ठासतो. बारीकशी फट उरली तरी आवाज आत पोचतो, म्हणून महिनोन्महिने काही जाणवत नाही. पाण्याने मळ फुगून फट बुजली, की लगेच दडा. तेव्हा 'अचानक झालं' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

नसेचा अचानक बहिरेपणा म्हणजे 72 तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ऐकण्यात 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त घट. बहुतेकदा एकाच कानाला, सोबत गुणगुण, कधी चक्कर. कारण बरेचदा सापडतच नाही. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं, जितकं आधी तितकं बरं.

घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून 'म्म्म' असा हुंकार द्या. दडा मळाचा असेल तर हुंकार बंद कानातच मोठा घुमतो. नसेचा असेल तर चांगल्या कानाकडे जातो. डॉक्टर 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की एकाच सुरात थरथरणारा धातूचा चिमटा) कपाळावर टेकवून हेच बघतात. पण हा नुसता अंदाज, खरं काय ते कानात बघूनच कळतं.

मळ काढायचा तर सिरिंजचं पाणी शरीराइतकं कोमट लागतं, नाहीतर गरगरायला होतं. पडद्याला भोक असेल किंवा कान फुटत असेल तर पाणी नकोच, तिथे सक्शन, म्हणजे बारीक नळीने मळ ओढून काढणं. त्याचा आवाज भयंकर वाटतो, पण काय निघतंय ते डॉक्टरांना दिसत असतं. मेणबत्ती लावून मळ 'ओढण्याच्या' प्रकाराने मळ निघत नाही, कान मात्र भाजू शकतो.

खरी फसगत दोन्ही एकत्र असतात तेव्हा होते. कानात थोडा मळ दिसतो, सगळा दोष त्याच्या माथी जातो आणि थेंबांची बाटली घेऊन माणूस घरी येतो. मळ काढण्याचा मोठा फायदा मला तरी इथेच दिसतो: पडदा दिसतो आणि ऐकणं तपासता येतं. मळ निघूनही आवाज पूर्वीसारखा येत नसेल, तर त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची ऐकण्याची तपासणी, करून मागावी. 'होईल हळूहळू मोकळा' म्हणत आठवडा काढू नये.